हेर्त्रुदिसचं माहेर

१४ सप्टें. २००४, प्लेनो
रोझाची केमो पुन्हा सुरू. केतकीची सासू, माझी विहीण. पण मी जाते ती मैत्रीण म्हणून. आज म्हणाली, "कुसुम, जायच्या आधी मला माझ्या आईकडच्या बायका हव्यात. नावानिशी." ठाऊक असलेली सगळ्यात जुनी हेर्त्रुदिस, हुआन ट्रेविन्योची बायको. मेक्सिकोवर स्पेनचं राज्य होतं तेव्हाची. तिच्यापलीकडे अंधार. म्हटलं, शोधते. रिकामीच तर आहे.

२ ऑक्टो.
त्यांच्या गावच्या चर्चची मायक्रोफिल्म लायब्ररीत आली. अक्षर असं की आपली मोडी बरी. बाउतिस्मो म्हणजे बाप्तिस्मा, आपलं बारसंच. हेर्त्रुदिस ट्रेविन्यो कुठेच नाही. मान धरली.

२३ ऑक्टो.
नाहीच. मुदत संपली, फिल्म परत गेली. रोझाला कुठल्या तोंडाने सांगू?

२४ ऑक्टो.
सांगितलं. रोझा बघतच राहिली. "ट्रेविन्यो तर नवऱ्याचं! लग्न झालं म्हणून तिचं नाव कशाला बदलेल?"
कशाला! मी माहेरची शालू. ताटातल्या तांदळात अंगठीने 'कुसुम' लिहिलं, शालू संपली. रोझालाही ते सांगितलं. बायकोचं नाव बदलतंच, हे इतकं अंगवळणी की विचारलंसुद्धा नाही. आणि हुआनच्या मुलीच्या नोंदीत आई म्हणून 'हेर्त्रुदिस आल्मागेर' होती की. दुसरीच कुणी समजून पुढे सरकवली. स्वतःचा भयंकर राग आला. फिल्म पुन्हा मागवली.

२ नोव्हें.
त्यांचा मृतांचा दिवस. फोटो, दिवे, झेंडूची फुलं. रोझाने खुर्चीत बसून नावं घेतली, हेर्त्रुदिसपाशी थांबली. फिल्म अजून नाही. स्वयंपाकघरात केतकी, "आई, डॉक्टर्स आता काही प्रॉमिस करत नाहीयेत."

११ डिसें.
सापडली! हेर्त्रुदिसचं बारसं. आई: मारिया रीता ओचोआ. तशीच ड्राइव्ह करत रोझाकडे. तिने ते नाव हळूहळू म्हटलं, परत म्हटलं. रडलो दोघी. मग डोळे मिटून, "आता तुझी. तुझ्या आईची आई?"
"लक्ष्मीबाई."
"ते सासरचं ना? तिचं सांग."
घरी येऊन नागपूरला दादाला फोन. "यवतमाळकडची होती बहुतेक. नाव… आपण आजीच म्हणायचो गं."
आई असती तर. तिलाही कधी विचारलं नाही कुणी. दादाने मामेभावाचा नंबर दिलाय, लागत नाही.
उद्या रोझाकडे जायचंय. विचारणारच ती.