निळं स्पिरिट

४ जून

ती. मावशीस सा. न. वि. वि.

सध्या रोज पांढरं फ्लॅनेलचं कापड कुरणातल्या गवतावरून ओढत गोचीड गोळा करते. तू म्हणशील, एवढं शिकून शेवटी आईचंच काम. या गोचिडांत एक अनोळखी विषाणू सापडलाय. दोघा गुराख्यांना ताप आहे. विषाणू बाहेरच्या गुरांबरोबर नवा आला असं ठरलं, तर कुरण बंद होईल आणि सगळी गुरं मारली जातील. जुनाच असला तर औषध फवारून भागेल. आईच्या स्पिरिट भरलेल्या बाटल्यांत त्याच कुरणावरचे पस्तीस वर्षांपूर्वीचे गोचीड असणार. तुझ्या कपाटातून तेवढ्या पाठव. आतल्या जागा-तारखेच्या चिठ्ठ्या नीट आहेत ना?

तुझी खार

११ जून

चि. खारीस अनेक आशीर्वाद.

बाटल्या पाठवल्या आहेत, पण त्यातली कुठली बाटली कुठल्या जागेची, ते विचारू नकोस. ताईच्या पेन्सिलीतल्या चिठ्ठ्या मला गबाळ्या वाटायच्या. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी घोटून घेतलेल्या अक्षराचा मला कोण ताठा! एका दुपारी ती बाहेर गेली असताना मी सगळ्या चिठ्ठ्या निळ्या शाईने नव्याने लिहून बाटल्यांत टाकल्या आणि जुन्या चुलीत घातल्या. संध्याकाळपर्यंत स्पिरिट निळं, कागद कोरे. ताईने एक बाटली उजेडात धरून पाहिली. मग एवढंच म्हणाली, अक्षर मात्र छान होतं गं. पुढे तिने तो विषय काढला नाही, मलाही धीर झाला नाही. आता माझ्यापायी गुरं जाणार का? खरं तेच कळव.

तुझी मावशी

२ जुलै

ती. मावशीस सा. न. वि. वि.

स्पिरिट अजून फिकट निळं आहे. पण प्रत्येक बुचाखालच्या कापसात पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी निघाली; पेन्सिल स्पिरिटात विरघळत नाही. आईने आतले गोचीड रोजच्या वहीतल्या नोंदींशी ताडून सगळ्या पुन्हा लिहून काढल्या होत्या. कुरणाच्या बाटलीत विषाणूच्या जनुकांचे तुकडे मिळाले. त्याची वंशावळ मांडली, तर आमचा आताचा विषाणू त्याचाच नातू निघाला. घरचाच आहे, पाहुणा नाही. कुरण उघडं राहतंय. गुराखीही उठून बसले.

त्या चिठ्ठीच्या मागे आईने लिहिलंय, ‘मूळ चिठ्ठी धाकटीच्या हातची. पुसली गेली. तिला बोलू नये.’

ती सोबत पाठवते आहे, आमचं काम झालं. माझाही लोभ पेन्सिलीतलाच समज.

तुझी खार