बारीक झालेली सही आणि अडवलेले रक्त

प्रति,
मा. संमतिपत्र तपासणी अधिकारी,
पूर्व किनारा रक्तनमुना संग्रह,
हॅलिफॅक्स, नोव्हा स्कोशिया.

विषय : सही जुळत नाही म्हणून अडवलेले माझे सन २००८ चे रक्तनमुने नष्ट न करता संशोधनास देण्याबाबत.
संदर्भ : आपले नकाराचे तिसरे पत्र, दि. ३ जून २०२४.

महोदय,

“ओडील, माझं जुनं रक्त कुणी जपून ठेवलं नाही. तुझं आहे, ते देऊन टाक. कुणी आडवं आलं तर आवाज चढवू नकोस, पण हटूही नकोस.” माझी थोरली बहीण झेली कंपवाताने गेली, त्याच्या आदल्या आठवड्यात हे बोलली. आवाज चढवत नाही, म्हणून लिहिते.

१. गावच्या चर्चच्या तळघरात हृदयतपासणीचे शिबिर झाले, तेव्हाचे माझे रक्त आपण गोठवून ठेवले आहे. मला कंपवात जडला २०१७ साली. रोगाशी लढणाऱ्या आपल्याच पांढऱ्या पेशी मेंदूतल्या एका प्रथिनाला शत्रू समजून त्यावर तुटून पडतात का, आणि हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून, हे डॉ. हेन्नबेरी बाई शोधत आहेत. माझ्या आजच्या रक्तात याचे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे आपण २८ जूनला नष्ट करणार आहात.

२. कारण काय, तर २००८ ची सही ठसठशीत आणि रक्त संशोधनाला द्यायच्या संमतिपत्रावरची आताची बारीक. आपले कारकून फोनवर म्हणाले, “बाई, ही सही आहे की मुंगी चिरडलीय?” महोदय, या आजारात अक्षर आक्रसते. ज्या आजारासाठी रक्त मागितले जात आहे, त्याच आजाराची खूण दिसली म्हणून आपण रक्त अडवता.

३. गावात आम्ही तिघी ओडील दवो आहोत. वडील-आजोबांच्या नावांवरून आम्हाला ओळखतात. मी ‘प्लासिडची, जोची ओडील’. सही दुसऱ्या ओडीलची असेल, असा संशय घेऊन आपण त्या दोघींचे जबाब मागवलेत. तेही आणले. एकीने लिहून दिले आहे : “ती मी नव्हे. ती रोज पहाटे जपमाळ ओढते, मी तेव्हा घोरत असते.” तरी आपले समाधान नाही.

४. आता आपण लिहिता, अंगठा लावा. चौतीस वर्षे मी या गावच्या पोरांना वळणदार अक्षर शिकवले. अंगठा लावणार नाही. दुसऱ्या कुणाला माझ्यासाठी सही करू देणार नाही. आपल्या टेबलासमोर बसून आपण म्हणाल तितक्या सह्या करीन. प्रत्येक सही आधीच्या सहीपेक्षा बारीक होईल. भिंग काढून ठेवावे.

नमुने मंगळवारपर्यंत मिळतील, असा शब्द मी डॉक्टरबाईंना दिला आहे. आज सोमवार. जपमाळ झाली, चहा झाला. अर्ज टपालात टाकत नाही. साडेसातच्या गाडीने निघते आहे.

आपली नम्र, पण न हटणारी,
ओडील दवो
दि. १७ जून २०२४

सोबत :
१. दोन्ही ओडील दवो यांचे जबाब
२. डॉक्टरांचा दाखला
३. अर्जदार, समक्ष