आबांच्या हातावरचं घड्याळ

दुबई, ५ मार्च १९७७

दादा, तुला नि वैनीला जालिंदरचा नमस्कार.

मी इथं घड्याळाच्या दुकानात मजेत हाय. तासगावात आपली द्राक्षं बेदाणा कराय शेडवर गेली का?

आबांना पाठवलेलं स्विस घड्याळ बंद पडलं, असं तू लिवलंस. ते बिघडायचं न्हाई. केसागत बारीक स्प्रिंग, माणकाच्या खड्यांवर फिरणारी चाकं. मीच खोलून, तेल घालून पाठवलंय. त्याला चावी लागत न्हाई. मनगट हललं की आतली चकती फिरते, घड्याळ चालतं. आबांनी दिवसभर नुसता बेदाणा निवडला तरी चालंल.

मग आबांचा हात का हलंना, दादा? खरं लिव.

पासपोर्ट मालकाकडं हाय, मला येता येत न्हाई. घड्याळ काढू नगंस. रोज त्यांचा हात हातात घेऊन तेवढा हलवत जा.

तुझा जालिंदर