छत्रीचा पंजा

३ सप्टेंबर, सोमवार
आजपासून पेज सुरू. नाव ‘बालवर्गातून’. शनिवारच्या ऑनलाइन कार्यशाळेत त्या चष्मेवाल्या बाई सांगत होत्या की शिक्षकांनी एकमेकांशी जोडलं गेलं पाहिजे, आपल्याजवळचं वाटलं पाहिजे. मला आतल्या आत हसू येत होतं. एकोणीस वर्षं मी साडेतीन-चार वर्षांच्या पोरांना दुसरं काय शिकवते आहे? गोलात बसा, नंबर येईपर्यंत थांबा, दुसऱ्याचं ऐका, आपलं दाखवा. इंटरनेट म्हणजे मोठ्या माणसांचा बालवर्ग. त्यात मला कोण काय शिकवणार.
संकल्प: रोज एक पोस्ट. फोन दिवसाला अर्धा तास, वर एक मिनिट नाही. मुलांचं नाव नाही, चेहरा नाही.
ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, वाचणार कोण? नवऱ्याशी वाद घालून शक्ती वाया घालवायची नाही, हा चौथा संकल्प.

४ सप्टेंबर, मंगळवार
पहिली पोस्ट: मातीचा एक गोळा चौघांत कसा वाटावा. नऊ लाइक. त्यातला एक माझा, एक जाऊबाईंचा, दोन ह्यांच्या मावसभावाचे (त्याची दोन खाती आहेत). सुरुवात म्हणून उत्तम.
फोन: एक तास दहा मिनिटं. पहिले दिवस धरायचे नसतात.

६ सप्टेंबर, गुरुवार
आज दप्तरांच्या हुकांवर पोस्ट, फोटोसकट. आमच्या पोरांना वाचता येत नाही, म्हणून प्रत्येकाच्या हुकावर चित्र. बदक, जिराफ, घड्याळ, किटली. वर्गात आम्ही त्यांना त्याच नावांनी हाका मारतो, म्हणजे खरं नाव पेजवर जाण्याचा प्रश्नच नाही. केवढी दूरदृष्टी, आणि तीही पेज निघण्याच्या आधीपासूनची.
नवीन मुलगी छत्री. वर्ष सुरू झाल्यावर मध्येच आली. तिच्या आईने फोटोच्या संमतीच्या फॉर्मवर ‘नाही’ लिहून खाली दोनदा रेघ मारली आहे. मुख्याध्यापिका बाईंनी आम्हाला दार लावून सांगितलं की वडिलांशी कोर्टात चालू आहे, आणि ते मुलीला शोधताहेत. मुलगी द्यायची ती फक्त आईकडे किंवा आजीकडे. शाळा कुठली हे त्यांना कळता कामा नये. बाई सांगताना माझ्याकडेच जास्त बघत होत्या. जबाबदार माणसाकडेच बघणार.

८ सप्टेंबर, शनिवार
छत्री उलट्या छत्र्या काढते. मूठ वर, कापड खाली, वाडग्यासारखी. विचारलं तर म्हणाली, पाणी साठवायला. मी भारावले. चित्राचा फोटो टाकला, खाली चांगलं दीड पानी लिहिलं. चेहरा नाही, नाव नाही. नियम म्हणजे नियम.
फोन: दोन तास. पण त्यातला एक तास लिहिण्यात गेला, तो फोनमध्ये धरत नाहीत.

१० सप्टेंबर, सोमवार
शेवटी एक खरा वाचक मिळाला. खात्याचं नाव शिक्षणमित्र. फोटोच्या जागी फळा. त्याने उलट्या छत्रीखाली लिहिलं की तुमच्यासारख्या शिक्षिका आता उरल्या नाहीत. पुढे असं की आमच्या ओळखीत एक मूल होतं, अगदी अशीच छत्री काढायचं, फार आठवण येते. हे मूल नवीन आहे का?
अंगावर मूठभर मांस चढलं. मी लिहिलं, हो, येऊन दोन आठवडे झाले, आता छान रमलं आहे. त्याने हात जोडले.
ह्यांना मुद्दाम वाचून दाखवलं. हे म्हणाले, बाई की बुवा? मी म्हटलं, मित्र. शिक्षणाचा.

१२ सप्टेंबर, बुधवार
आज वर्गात बदकाने जिराफाची नवी खडूंची पेटी उघडली आणि सगळ्यांना एकेक खडू वाटून टाकला. वर दानशूर चेहरा करून बसला. जिराफ रडून रडून लाल. मी दोघांना गोलात बसवलं आणि बदकाला समजावलं की दुसऱ्याची वस्तू वाटणं म्हणजे वाटणं नव्हे, आधी ज्याची आहे त्याला विचारायचं. बदक म्हणाला, पण सगळ्यांना आवडलं. मी म्हटलं, सगळ्यांना आवडलं तरी.
तेच पेजवर टाकलं. तीनशे चाळीस लाइक. शिक्षणमित्राने लिहिलं, ‘किती खरं.’
फोन: तीन तास. याला व्यावसायिक विकास म्हणतात.

१४ सप्टेंबर, शुक्रवार
शिक्षणमित्राचं निरीक्षण बघण्यासारखं आहे. हुकांच्या फोटोत मागे खिडकी आहे, खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. टाकीवर चक्राकार जिना. मी रोज बघते, मला कधी दिसला नाही. त्याने लिहिलं, असा जिना फार थोड्या ठिकाणी असतो, तुमची शाळा नशीबवान.
दुपारी शाळेचा फोन वाजला. कोणीतरी बालवर्ग किती वाजता सुटतो विचारून ठेवून दिला. पेजचा परिणाम दिसू लागला. बाईंना म्हटलं, प्रवेशांच्या चौकशा सुरू झाल्या. बाईंनी विचारलं, सप्टेंबरात? काही माणसांना चांगलं काही सहनच होत नाही.

१७ सप्टेंबर, सोमवार
आजची पोस्ट आजवरची सर्वोत्तम. विषय: पंजा.
ही पद्धत माझी. पाच वर्षांपूर्वी मी सुरू केली. प्रत्येक मुलाचा हात रंगीत पुठ्ठ्यावर ठेवून भोवती रेघ मारायची, कापायचं, मधोमध त्याचं चित्र काढायचं. एक पंजा वर्गातल्या फळ्यावर, त्याच्या जोडीचा घरी. मुलाला न्यायला येईल त्याच्या हातात घरचा पंजा हवा. गेटवरच्या मावशी बघतात, मग मूल स्वतःचा हात त्यावर ठेवतं आणि मगच कडी निघते. पंजा नाही तर मूल नाही.
सगळ्या शिक्षकांना करता यावं म्हणून एका पंजाचा जवळून फोटो टाकला. बाकीचे मळके झालेत, कडा कुरतडलेल्या. छत्रीचा नवा कोरा होता, निळा, म्हणून तोच घेतला. हात आहे, चेहरा नाही.
सहाशे लाइक. जाऊबाईंनी दोन हृदयं पाठवली.

१८ सप्टेंबर, मंगळवार
शिक्षणमित्राला ही पद्धत आपल्या शाळेत सुरू करायची आहे. पंजाशेजारी मोजपट्टी ठेवून एक फोटो टाकाल का, माप कळलं तर बरं, असं विचारतो. मी लिहिलं, उद्या नक्की.
शिकायची अशी तळमळ आमच्या स्टाफरूममध्ये एकीला नाही.

१९ सप्टेंबर, बुधवार
मोजपट्टीची बदकाने तलवार केली आणि ती किटलीच्या डोक्यावर मोडली. उद्या घरून नेते.
मावशी सांगत होत्या की एक बाई दोन दिवस समोरच्या फुटपाथवर उभी असते. काल जवळ येऊन विचारलं, लहान मुलं याच गेटने सुटतात का? मावशींना ते काही बरं वाटलं नाही. मी म्हटलं, मावशी, लोक आता आपली शाळा बघायला येतात. मावशी म्हणाल्या, बघू देत, पण मग मुलांकडे का बघते, इमारतीकडे बघावं. मावशींकडे साधा बटणांचा फोन आहे. त्यांचं जग लहान राहणार.

२० सप्टेंबर, गुरुवार
मोजपट्टी घरी राहिली. शिक्षणमित्राने आठवण करून दिली, तीही किती नम्रपणे. लाज वाटली.

२१ सप्टेंबर, शुक्रवार
मोजपट्टी नेली. पंजाशेजारी ठेवली. फोनची बॅटरी संपली. चार टक्क्यांवर कमेंट वाचत बसले, ही माझी चूक, मान्य करते. त्याला लिहिलं, सोमवारी नक्की.
त्याचं उत्तर: सोमवारी चालेल. तोवर मी अंदाजाने करून बघतो.
फोन: साडेचार तास. सोमवारपासून अर्धा तास, यावेळी खरंच.

२४ सप्टेंबर, सोमवार, दुपारी ३
आज माझ्या पद्धतीचा विजय झाला. घाईघाईने लिहिते.
साडेबाराला मी गेटपाशीच होते. शिक्षणमित्राचा प्रश्न आला होता, पंजा काळाबरोबर बदलता का, मूल वाढतं ना. चांगला प्रश्न. मी उत्तर लिहीत होते. समोर एक बाई आली, नीटनेटकी, हसरी. म्हणाली, छत्रीच्या आजीला बरं नाही, मला पाठवलंय. निळा पंजा पुढे केला, मधोमध छत्री. मावशी माझ्याकडे वळल्या. मी मान वर न करता म्हटलं, पंजा आणलाय ना, मग सोडा.
हे लिहायला नको होतं, पण लिहिलं. वहीत खरं लिहायचं असतं.
छत्रीने आपला हात पंजावर ठेवला. मग उचलला. परत ठेवला. हाताभोवती सगळ्या बाजूंनी निळं दिसत होतं.
‘हा हात माझा नाही,’ ती म्हणाली.
मावशींनी कडी लावली. ती बाई म्हणाली, अहो, छापताना थोडा मोठा झाला असेल. मावशींनी विचारलं, छापताना? आमच्याकडे पंजे कापतात. ती बाई चालत निघाली, मग भरभर. कोपऱ्यावर गाडी उभी होती. आत कोणीतरी होतं, स्टिअरिंगवर दोन हात दिसले.
म्हणजे पद्धत चालली. हे उद्याच्या पोस्टमध्ये

संध्याकाळी ७
दुपारचं वाक्य अर्धंच राहिलं. पुढचं आता सुचत नाही.
चारला छत्रीची आई आली. मुख्याध्यापिका बाईंनी तिला फोन केला होता. आईने स्वतःच्या फोनवर माझं पेज उघडून टेबलावर ठेवलं. उलटी छत्री. टाकी आणि जिना. निळा पंजा. एकेक सरकवत गेली, आवाज चढवला नाही. मी म्हटलं, पण मी चेहरा कुठेच टाकला नाही.
ती म्हणाली, ‘ताई, ती आजच नाही, दोन वर्षांची असल्यापासून अशाच छत्र्या काढते. तो तिचा बाप आहे. त्याला चेहरा कशाला लागतो?’
मी आणखीही काही बोलले. नजरचूक, हेतू, शिक्षक समाज. कोणी ऐकत नव्हतं. छत्री कोपऱ्यात मावशींच्या मांडीवर बसून त्यांच्या बोटांना माती लावत होती.
घरी ह्यांना सांगितलं. ह्यांनी उठून चहा टाकला. एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

२५ सप्टेंबर, मंगळवार
सकाळी शेवटच्या पोस्टखाली शिक्षणमित्राची एक ओळ होती. ‘नमुना छान होता. थोडा मोठा छापला गेला.’
दहा मिनिटांनी खातंच नाहीसं झालं. मी ती ओळ बाईंना दाखवली. बाईंनी पोलिसांना बोलावलं. पोलिसांनी सगळं उतरवून घेतलं आणि मला विचारलं की मोजपट्टीचा फोटो का टाकला नाही. मी म्हटलं, बॅटरी संपली. त्यांनी तेही लिहून घेतलं.
‘उद्या नक्की’: तीन आठवड्यांत मोडलेल्या संकल्पांपैकी कामी आलेला हा एकच.
छत्री आली नाही.

२६ सप्टेंबर, बुधवार
छत्री आली नाही. गोलात बदकाने विचारलं, कुठे गेली? मी म्हटलं, दुसऱ्या शाळेत. कुठल्या? मला माहीत नाही, म्हटलं. पहिल्यांदाच त्याला खरं उत्तर दिलं. आई रातोरात सामान घेऊन निघून गेली, कुठे ते बाईंनाही सांगितलं नाही. अवघ्या महिनाभरात दोनदा शाळा. आत्ता कुठे ती गोलात बोलायला लागली होती, आणि तेही पाण्याबद्दल.
जिराफाने विचारलं, तिचं चित्र तू सगळ्यांना दाखवलंस, तेव्हा तिला विचारलं होतंस? कोणी सांगितलं कोणास ठाऊक. मोठी माणसं दारात बोलतात, पोरं ऐकतात.
मी म्हटलं, नाही.
बदक म्हणाला, पण सगळ्यांना आवडलं ना?

२९ सप्टेंबर, शनिवार
पोलिसांचं काम झालं, म्हणून पेज बंद केलं. अकराशे बावीस माणसं जोडलेली होती. खात्री आहे का, असं फोनने विचारलं, मी हो दाबलं. जाऊबाईंचा मेसेज आला, पेज दिसत नाही, काही झालं का?
बाईंनी लेखी खुलासा मागितला आहे. चार वेळा लिहिला. चारही वेळा पहिल्या पानावर मी निर्दोष निघाले. फाडले.
मावशी हूक पुसत होत्या. छत्रीचं चित्र काढू का, विचारलं. मी म्हटलं, राहू द्या. मग फळ्यावरचा निळा पंजा काढून घरी आणला. परत द्यायचा तर पत्ता नाही, आणि पत्ता मला माहीत नाही हेच बरं.
घरी आज मोजपट्टी लावली. मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत साडेअकरा सेंटिमीटर. कोणाला सांगायचं नाही. इथे लिहिलं, ते पण खोडते.