नळ बंद करा, पूल आलाय!

३ मार्च
पुन्हा बर्फ. ओढ्यावरचा पूल बंद केल्यापासून रोलांला डायलिसिसला न्यायचं म्हणजे अख्ख्या डोंगराला वळसा. आज गाडीतच ओकला बिचारा. वर मलाच म्हणतो, "माफ कर गं."
मंगळवारी गावसभेत ठरणार — पूल नवा बांधायचा की पाडून मोकळं व्हायचं. पलीकडे घरं किती, तर आमचं आणि त्या नव्या जोडप्याचं! तेवढ्यात आयडेलाचा फोन. "व्हर्ना, सभेच्या जेवणाला घेवड्याचं सूप तुझ्याच हातचं हवं हं!" करते बाई.

५ मार्च
दरवर्षीसारखीच सभा हॉलमध्ये, आम्ही बायका मागे स्वयंपाकघरात. जेवणं उरकून आम्ही भांडी घासतो, तोवर तिकडे हात वर होऊन सगळं ठरलेलं असतं. इतकी वर्षं एकदाही मत दिलं नाही मी. सुपाचं मात्र नाव झालं!
आज हॉलमध्ये पुलाचा विषय निघताच आयडेला ओरडली, "नळ बंद करा गं, पूल आलाय!" सगळ्याजणी ॲप्रनसकट बाहेर.
गावमंडळाचा मेरिट हसला. "काय व्हर्ना, भांडी झाली एवढ्यात?"
"भांडी कुठं जात नाहीत. माझा नवरा जाईल."
मग हात वर झाले — ओले, साबणाचे. पूल मंजूर! देवा, या बायांचं भलं कर.
मंडळात एक जागा रिकामी होती. आयडेलानं माझंच नाव पुकारलं. निवडूनही आले!
रोलां पोट धरून हसला. "झालीस पुढारी! आता जेवायला मिळणार ना?"

२२ एप्रिल
दुकानात अंडी आणायला गेले तर तिघांनी गाठलं. चिखल, खड्डे, कुणाचं तरी भुंकणारं कुत्रं. पूर्वी हेच लोक हवापाण्याचं बोलायचे! चिडले. घरी आले आणि खड्ड्यांसाठी फोन लावला.

१७ जुलै
रोलां गेला. झोपेतच.

२१ जुलै
सगळं गाव डोंगराला वळसा घालून आलं. ओट्यावर त्यांनी आणलेल्या जेवणाची भांडीच भांडी, प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव. मेरिट हिवाळ्याची लाकडं रचून गेला. किती केलं या लोकांनी माझ्यासाठी!

६ ऑगस्ट
मंडळाची बैठक. मेरिट खाली बघत म्हणाला, "ठेकेदारांचे आकडे फार वर गेलेत. आणि आता... तुला तरी कशाला हवाय पूल, व्हर्ना? सोडून देऊ या."
एक मत पुलाच्या बाजूनं, एक विरुद्ध. तिसरं माझं.
पुलासाठी हात वर केला. लोकांची भांडी परत द्यायची आहेत, आणि रिकामी नाही देणार.