फ्रीजमध्ये ताक आहे

छत्रपती संभाजीनगर,
२३ एप्रिल

प्रिय संध्या,

तुला आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना सप्रेम नमस्कार. (उजवा अजून रुसलेलाच आहे का?) तुझ्या लेकाला, सुयशला आशीर्वाद.

छावणीतल्या आपल्या वसतिगृहात दर शनिवारी ब्रेड-जॅम झाला की सिस्टर फिलोमिना टपाल वाटायच्या आणि त्यांच्या कमरेला, किल्ल्यांशेजारी, एक छोटी कात्री लटकत असायची, आठवतं? एकदा तुझ्या बाबांचं पत्र मधोमध चौकोनी खिडकी कापून आलं. तू ते तोंडासमोर धरलंस आणि त्या खिडकीतून एका डोळ्यानं माझ्याकडे बघितलंस. मी इतकी हसले की जॅम नाकात गेला. त्या खिडकीत तुझी आत्या गेल्याचं लिहिलेलं होतं, हे परीक्षा संपल्यावर कळलं. मग वर्षभर आपण सिस्टरांशी मनातल्या मनात अबोला धरला. (उघड धरायची सोय नव्हती.) आज हे आठवायचं कारण, आता ती कात्री माझ्या कमरेला आहे.

माझ्या पोटाच्या तपासण्या झाल्या, ते तुला फोनवर सांगितलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला बसवून सांगितलं, की आजार यकृतापर्यंत पोचलाय आणि दिवाळीची खात्री देता येत नाही. ह्यांना मी म्हटलं, अजून काही कळलं नाही. पण लेखी रिपोर्ट दोन दिवसांत रुग्णालयाच्या साइटवर येणार होता, आणि तो उघडायच्या नंबराची चिठ्ठी ह्यांच्या पाकिटात. (लग्नापासूनची प्रत्येक चिठ्ठी ह्यांच्याच पाकिटात असते.)

शाळेची कॉम्प्युटर लॅब मी अठरा वर्षं सांभाळली, हे तुला ठाऊक आहेच. निरोपाला शाळेनं मला तिथलाच जुना प्रॉक्सी सर्व्हर दिला. (गाण्याच्या बाईंना चांदीचं निरांजन मिळालं होतं.) घरातला कॉम्प्युटर जे पान मागेल, ते आधी ह्या डब्याकडे मागावं लागतं. त्यानं दिलं तर मिळतं. अगदी सिस्टरांचं टपाल. मी त्यात एक नियम घातला, की रिपोर्टच्या पानाची मागणी आली तर नकार द्यायचा. आणि तो घातला यादीच्या तळाशी! डबा यादी वरून वाचतो आणि लागू पडणारी पहिली ओळ सापडली की पुढचं बघत नाही. वर तर ‘घरच्यांना सगळं द्या’ अशी ओळ होती. माझा नकार तळाशी बसून राहिला, जेवायला न बोलावलेल्या पाहुण्यासारखा. नशीब, रिपोर्ट तोवर आला नव्हता. पहिलीतली चूक गं. दुसऱ्या दिवशी ती ओळ वर नेली.

नकार देताना पडद्यावर काहीतरी मजकूर दाखवता येतो. शाळेत ‘हे पान बंद आहे, अभ्यास करा’ असा होता. एकसष्ट वर्षांच्या माणसाला तो कसा दाखवायचा? म्हणून मी लिहिलं, ‘हे पान सध्या मिळत नाही. उन्हात जाऊ नका. फ्रीजमध्ये ताक आहे.’

संध्या, जगातल्या कुठल्या रुग्णालयाला आमच्या फ्रीजमधलं ताक माहीत असणार?

ह्यांनी ते वाचलं. उठून ताक प्यायले. ऊन उतरल्यावर चिकलठाण्याच्या बाजूला फिरायला गेले, फोन घेऊन. (फोनचं इंटरनेट माझ्या डब्यातून जात नाही, हे मला ते फाटकाबाहेर पडल्यावर सुचलं.) परत आले ते चप्पल न काढता थेट ओट्याशी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा भात लावला. वर कच्चा, खाली करपलेला. छान झालाय म्हणत आम्ही दोघांनी तो संपवला.

तेव्हापासून त्यांना कळलंय हे मला कळलंय. बोलत कुणीच नाही. मग एक दिवस आमची कामवाली साळूबाई म्हणाली, “बाई, साहेब चार वाजले की त्या कम्प्युटरपुढं बसत्यात. काय बगत्यात काय म्हाईत, पर आधी हसत्यात अन् मंग डोळं पुसत्यात. नजर काढा त्यांची.”

कुणी कधी काय मागितलं, याची नोंद सर्व्हर ठेवतो. मी ती उघडली. सगळा रिपोर्ट वाचून झालेला हा माणूस रोज चार वाजता तेच बंद पान मागतो. एकदाच. नकार घेतो आणि ताक पितो.

मग मी मजकूर रोज बदलायला लागले. परवा लिहिलं, ‘तुमचा भात खरंच वाईट होता.’ आतल्या खोलीतून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. काल लिहिलं, ‘निळा शर्ट वाळला असेल, काढून आणा.’ आणला. छत्तीस वर्षांत आमचं एवढं बोलणं झालं नव्हतं. सिस्टरांनीही कापलेल्या जागी काहीतरी लिहायला हवं होतं, असं आता वाटतं.

तुझी,
सुरेखा

ता. क. हिमरू शाल तुला. (कॉलेजपासून डोळा आहे तुझा, मला माहीत आहे.) शिवणयंत्र साळूबाईला, तेलाच्या बाटलीसकट.

ता. क. २. आता खरं काम. सोबतची निळी वही सुयशला दे. सर्व्हरचा पासवर्ड पहिल्या पानावर आहे, पुण्यात बसून त्याला आत शिरता येईल. वहीत, पुढे त्यानं रोज एक लावावा म्हणून, दोनशे बारा मजकूर लिहून झालेत. अजून लिहितेय, पुढचे टपालानं पाठवीन. माझ्यानंतर कुणीतरी म्हणेल, आता कशाला हवा तो नियम? तो काढायचा नाही. रिपोर्टाचा कागद हवा त्याला द्या, ह्यांना मात्र रोज चार वाजता नकार मिळाला पाहिजे. वही संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

ताकाचं मी साळूबाईला सांगून ठेवलंय.