भोक सरकलेला पैसा

शिरूर,
सोमवार, २९ जानेवारी १९६२

तीर्थरूप प्रभुदासमामांस,
भाचा सत्यवान याचा प्रभूच्या नावानं सलाम. मामींच्या गुडघ्यांना उतार पडो आणि तुमच्या कांद्याला भाव मिळो, अशी काल सकाळीच चर्चमध्ये प्रार्थना केली. (गुडघे आधी, कांदा नंतर, हे मामींना मुद्दाम सांगा.)

तुमचा राग पोचला. दर रविवारी दौंडची एसटी न्हावऱ्याला तुमच्या दारावरून जाते, खिडकीत भाचा डोक्याला तेल चोपडून बसलेला दिसतो आणि मेला उतरत नाही, ही तक्रार अगदी खरी आहे. पण मामा, शप्पथ सांगतो, मी नाणी तपासून घ्यायला जात होतो.

झालं असं, की नाताळच्या दानाचे पैसे मोजताना मला भोकाचा एक पैसा सापडला. (ते जुने पैसे हो, ज्यांचे वायसर करून तुम्ही बैलगाडीच्या बोल्टांना लावलेत.) याचं भोक मधोमध नव्हतं, पार कडेला सरकलेलं. पाळकसाहेबांनी बदली पैसा घेऊन तो मला दिला आणि म्हणाले, दौंडच्या विल्यम आप्पांना दाखव. आप्पा म्हणजे रेल्वेतले निवृत्त गार्ड. हयातभर गाड्यांना हिरवं निशाण दाखवलं, आता भिंग घेऊन नाणी बघत बसतात. घरात ते आणि त्यांची मुलगी, दोघंच. (नाव दबोरा. शाळेत शिकवते. चहात आलं घालते. याचा नाण्यांशी काही संबंध नाही.)

आप्पांनी पैसा भिंगाखाली धरला आणि खुर्चीतून उठलेच! भोकाची कड गुळगुळीत, म्हणजे चूक टांकसाळीतच झालेली. घरी कुणी भोक पाडलं असतं तर मागच्या बाजूला धातू फाटून वर आला असता. टांकसाळ चुकली तर शौकीन लोक एका पैशाचे वीस रुपये मोजतात आणि आपण बिघडवलं तर कंडक्टरसुद्धा घेत नाही, असं ते म्हणाले. मी तो पैसा त्यांना भेटच देऊन टाकला. त्यांनी जेवायला ठेवून घेतलं. काय सांगू मामा, त्या घरातून पाय निघत नाही.

निघताना आप्पा म्हणाले, असं आणखी काही सापडलं तर आण. आता टांकसाळ दर आठवड्याला माझ्यासाठी कुठून चुकणार? मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकवतो, त्यामुळे हातोडी हाताशी होतीच. एक नवा पैसा दुसऱ्यावर ठेवून ठोकला. पुढच्या रविवारी कडेनं चेपलेली चवली नेली. आप्पा प्रत्येक वेळी अक्षरं कशी दबलीत ते सविस्तर दाखवायचे, दबोराला कंदील जवळ धरायला सांगायचे (भर दुपारी) आणि शेवटी मान हलवायचे, "ही टांकसाळीची चूक न्हाई पोरा. ही मागनं झालेली इजा हाय." मी हिरमुसल्यासारखं करायचो आणि चहाचा दुसरा कप घ्यायचो. इतकं सुख मला कधी लागलं नव्हतं.

तरी मामींच्या ट्रंकेत जुनी, वाकडीतिकडी नाणी असतील तर कृपा करून पाठवावीत.

आपला लाडका (अजून असेन तर) भाचा,
सत्यवान

ता. क. नाणी पाठवू नका. मुद्द्याचं लिहायला धीर होईना म्हणून वर एवढं पाल्हाळ लावलं. काल आप्पांनी माझी सगळी नाणी ओळीनं मांडली. माझ्या हातोडीच्या तोंडाला एक खाच आहे, तिची रेघ प्रत्येक नाण्यावर! म्हणाले, "हातोडी एकच हाय. आता नाणी बास. घरातलं मोठं माणूस घिऊन ये." माझ्या वडिलांच्या जागी तुम्हीच आहात, मामा. येत्या रविवारी काळा कोट घालून फाट्यावर उभे राहा, मी एसटीत तुमची जागा धरून ठेवतो. मागणी तुम्हीच घाला, माझी तर बोबडीच वळेल.

पुन्हा ता. क. दबोरा फाटकापर्यंत सोडायला आली होती. मी शरमेनं वर बघत नव्हतो. तीच म्हणाली, "बाबांना पहिल्या ठोकलेल्या पैशालाच सगळं कळलं होतं, त्याच दिवशी ते तुम्हाला झापणार होते. मीच म्हटलं, 'बाबा, एका नाण्यावरून कसं ठरवायचं? आणखी दोन-तीन येऊ द्यात.'"